मामांचा बिल्डर आणि सर्चवाले काका: फोर्टमधल्या एका नोकरीचं प्रकरण

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या एका मुलीला सगळे 'वकीलबाई' म्हणतात. एलएलबीला प्रवेश घेतला त्याच आठवड्यात वॉचमनने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. इथेही तेच वापरतो. तिला विचारूनच लिहितोय. फर्म आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

मी स्वतः मुंबईच्या फोर्टमध्ये कन्व्हेयन्सिंगचं, म्हणजे जमीन-घरांच्या मालकी हस्तांतराच्या कागदांचं काम करतो, तीस वर्षं होत आली. त्यामुळे ऑगस्ट २०२४ मधल्या एका रविवारी तिचे बाबा, म्हणजे आमचे नाना, मार्कशीटची झेरॉक्स घेऊन वर आले तेव्हा काय विचारणार हे दार उघडतानाच कळलं होतं. "साहेब, कुठे शब्द टाकता आला तर बघा जरा."

मी तेव्हा शब्द टाकला नाही. सात महिन्यांनी टाकला. मधे काय काय झालं ते सांगतो.

मुलगी आणि बाजार

तीन वर्षांचा एलएलबी, ठाण्यातलं कॉलेज, मार्क बरे, इंग्रजी वाचायला पक्कं पण बोलताना अडखळणारं. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. बरीच मुलं ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणून हा हिशेब मिटवतात. हिने तिन्ही वर्षं खरोखर काम केलं: कल्याण कोर्टात एका फौजदारी वकिलाकडे, मग एका संस्थेच्या कायदा मदत केंद्रात, आणि शेवटच्या वर्षी ठाण्यात सोसायट्यांची कामं करणाऱ्या वकिलाकडे. या शेवटच्या चार आठवड्यांनीच पुढे सगळं घडवलं, पण ते तेव्हा तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या बाबतीत ती नशीबवान. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्य बार कौन्सिलांना नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. खुल्या वर्गाला ही रक्कम ७५० रुपये आहे. त्याआधी याच्या कितीतरी पट पैसे भरावे लागत. नाना म्हणाले, "सनद स्वस्त झाली साहेब, आता नोकरीचं तेवढं बघा."

नोकरीचा बाजार मात्र विचित्र आहे. नामवंत फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कॅम्पसवरून मुलं उचलतात आणि सुरुवातच महिना लाखाच्या वर करतात. ती गाडी ठाण्याच्या कॉलेजला थांबत नाही. खाली, एखाद्या कौन्सेलकडे, म्हणजे कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाकडे, ज्युनियर म्हणून राहिलं तर हातखर्च सुटला तरी पुष्कळ. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात ज्युनियरला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे, आणि फोर्टमध्ये ती कोण किती पाळतं हे चहाच्या टपरीवर कळतं. या दोन्हींच्या मधे फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, लोअर परळमधल्या मध्यम आकाराच्या फर्म. वर्षाला दोन-तीन मुलं घेतात आणि जाहिरात बहुधा करत नाहीत.

का करत नाहीत, याचं एक कारण धंद्यातच आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ मुळे वकिलाला कामासाठी जाहिरात करता येत नाही. २००८ मध्ये ठरावीक माहितीपुरती वेबसाइट ठेवायची मुभा मिळाली, बस. ज्यांच्याकडे पक्षकारच 'अमुक यांनी तुमचं नाव सांगितलं' असं म्हणत येतो, ते माणूसही तसाच शोधतात. हातात तीच सवय असते.

आणि सवय जुनी आहे. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, १९७७ पर्यंत पक्षकाराचं कागदोपत्री काम बघणारा सॉलिसिटर वेगळा आणि कोर्टात उभा राहणारा कौन्सेल वेगळा, अशी दुहेरी पद्धत होती. ती गेली, पण सॉलिसिटरची परीक्षा बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही घेते आणि त्यासाठी सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकल्स, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. मला आर्टिकल्सना घेतलं, कारण माझे सख्खे काका त्या ऑफिसात मॅनेजिंग क्लार्क होते. काकांनी भागीदारांना एवढंच सांगितलं होतं की पोराचं अक्षर चांगलं आहे आणि कागद हरवत नाही. तेव्हा वशिल्याच्या नावाने नाक मुरडायचा मला हक्क नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

मामांचा बिल्डर

वकीलबाईचे मामा मुलुंडला राहतात आणि एका बिल्डरला प्लंबिंगचं सामान पुरवतात. बिल्डर एका फर्मचा क्लायंट. मामांनी सप्टेंबरात त्याच्याच केबिनमधून स्पीकरवर फोन लावायला लावला. "आपली घरचीच मुलगी आहे, बघून घ्या." गुरुवारी मुलाखत ठरली. मामांनी घरी पेढे आणून ठेवले होते.

मुलाखत अकरा मिनिटं चालली. वेळ तिने नंतर मोजून सांगितली, कारण खाली उतरल्यावर पार्किंगच्या पावतीवर वीस मिनिटंही झाली नव्हती. मामा गाडी घेऊन आले होते. गाव कुठलं, छंद काय, प्रवास किती वेळाचा, आणि "कळवतो". संध्याकाळी ती वर आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "काका, त्यांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही."

मामांच्या मते फर्मवाल्यांना माज होता. खरं कारण मला दोन आठवड्यांनी हायकोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये तिथल्याच एकाकडून कळलं, आणि ते पटलं. क्लायंटच्या माणसाला ओरडता येत नाही, काढता येत नाही, आणि त्याच्यासमोर दुसऱ्या क्लायंटची फाईल निवांत उघडताही येत नाही. ती फर्म उद्या त्याच बिल्डरच्या शेजारच्या जमीनमालकाचं काम घेणार असेल, किंवा त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचं, तर ऑफिसात बसलेली ही मुलगी कोणाची? पक्षकाराची गुपितं वकिलाने उघड करायची नाहीत हे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि त्याआधी ते साक्षीपुराव्याच्या कायद्यात होतंच. मुलीने काही सांगितलं असतं असं कोणी म्हणत नव्हतं. पण शंकेला जागा ठेवून माणूस का घ्यायचा?

बिल्डरचा शब्द मोठा होता म्हणून दार उघडलं, आणि तो बिल्डरचा होता म्हणूनच ते लागलंही. मामांना हे सांगण्यात अर्थ नव्हता.

साठ मेसेज

यावर फार लिहिण्यासारखं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिने लिंक्डइनवर साठेक वकिलांना एकच मजकूर पाठवला. आदरणीय सर, मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे, आपल्या नामांकित फर्ममध्ये एक संधी द्यावी. तीन उत्तरं आली. त्यातल्या एकाने करिअर मार्गदर्शनाचा कोर्स विकायला काढला. डिसेंबरात बार परीक्षा होती, म्हणून हे थांबलं, आणि बरं झालं.

सर्चवाले काका

आता त्या ठाण्याच्या चार आठवड्यांकडे.

तिथल्या वकिलाकडे एका सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्सचं काम होतं. बिल्डरने इमारत बांधली, फ्लॅट विकले, जमीन मात्र सोसायटीच्या नावावर केली नाही, तर १९६३ च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी जमिनीचा इतिहास लागतो. तो काढतात सर्चवाले. आमच्या धंद्यातली ही जमात बाहेर कोणाला माहीत नसते. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बसून तीस वर्षांची सूची क्रमांक २ ची, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीची, पुस्तकं चाळायची, तलाठ्याकडून फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदी, काढायचे, आणि रिपोर्टमध्ये अमुक वर्षाची पानं फाटलेली आहेत हेही इमानदारीत लिहायचं. हे काका साठीचे, खांद्याला रेक्झिनची पिशवी, खिशात भिंग. ठाणे-कल्याण पट्ट्यातली निम्मी कामं करणाऱ्या फोर्टच्या चार-पाच फर्म त्यांनाच बोलावतात.

वकिलाने तिला त्यांच्याबरोबर पाठवलं. इंटर्न मुलं सहसा बाहेर गाडीत बसतात. ही आत बसली, कारण तिला जुनं हस्ताक्षर वाचायला आवडतं. आजीच्या पोथ्यांमुळे असेल.

तिसऱ्या दिवशी तिला दिसलं की वारसनोंदीच्या फेरफारात चार नावं आहेत आणि सातबारावर तीनच आली आहेत. काकांच्या नजरेतून ते सुटलं होतं. तिने वकिलासमोर काही म्हटलं नाही. जिन्यात काकांना थांबवलं, मोबाईलवरचे दोन्ही फोटो शेजारी धरून दाखवले. काकांनी भिंग काढलं, पाहिलं, आणि रिपोर्टचं ते पान पुन्हा लिहिलं.

मला ते काका वर्षानुवर्षं ओळखतात. नंतर एकदा म्हणाले, "चूक सगळेच दाखवतात हो. या पोरीने जिन्यात दाखवली."

त्यानंतर वर्षभर ते अधूनमधून रात्री तिला फेरफारांचे फोटो पाठवत: 'हे आडनाव काय आहे बघ गं.' ती वाचून सांगायची. यात तिचा काही डाव नव्हता. तिला कोणी 'नेटवर्किंग' म्हणून हे करायला सांगितलं असतं तर तिने साठ मेसेजसारखंच केलं असतं, वाईट.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काकांनी फोन केला. फोर्टमधल्या एका फर्मच्या जमीन-मालमत्ता टीममधला मराठी कागद वाचणारा असोसिएट बँकेच्या स्वतःच्या कायदा विभागात गेला होता. उरलेली बहुतेक मुलं हुशार, पण बाहेरच्या राज्यांतली. फेरफार समोर आला की काकांनाच फोन. "तुझं नाव सांगू का?"

ती वर आली. मी एकच सुचवलं: काकांच्या हातात बायोडेटा देऊ नकोस. काकांना विचारून त्यांचं नाव वापर, पण टीममधल्या सीनियर असोसिएटला स्वतः लिही, आणि सोबत काम पाठव. तिने रात्री जे लिहिलं ते तिच्या परवानगीने देतो. तो वसईचा मुलगा, म्हणून मराठीतच लिहिलं:

"नमस्कार सर. ठाण्याच्या एका सोसायटीच्या सर्चला मी काकांबरोबर होते. वारसांच्या नोंदीत तफावत आढळली होती, त्यावर तेव्हा केलेली दोन पानी नोट जोडत आहे. नावं, गाव आणि सर्व्हे नंबर काढले आहेत. तुमच्या टीममध्ये टायटलचं काम कसं चालतं हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं मिळाली तर बरं होईल. मी रोज चारनंतर फोर्टमध्येच असते."

चाळीस मिनिटांत उलट प्रश्न आला: नोट कोणी तपासून दिली होती? तिने लिहिलं, कोणीच नाही, सर.

हुतात्मा चौकाजवळ चहा झाला. तिने तीन प्रश्न वहीत लिहून नेले होते आणि उत्तरं तिथेच उतरवून घेतली. नोकरीचा विषय तिने काढला नाही, त्यानेच काढला. पुढे त्याने मला सांगितलं की नोट उघडल्यावर त्याने पहिल्यांदा मजकूर वाचलाच नाही. सर्व्हे नंबर कुठे राहून गेलाय का ते शोधलं. राहिला नव्हता.

टेबलावरचे तीन कागद

भागीदार बाईंनी मंगळवारी बोलावलं. छंद वगैरे काही विचारलं नाही. नावं काळी केलेले तीन कागद पुढे ठेवले आणि चाळीस मिनिटं दिली: यात काय अडचण आहे, लिहा.

पहिला सातबारा, दुसरा १९८७ चा वारसांचा फेरफार, तिसरा हक्कसोडपत्रांच्या दोन झेरॉक्स. वडील वारले, कब्जेदार म्हणून दोन मुलगे लागले, विधवा आई आणि दोन मुली 'इतर हक्क' या रकान्यात गेल्या. आपल्याकडे वर्षानुवर्षं तलाठी असंच करत आले आणि पुष्कळांना वाटतं की त्या रकान्यात गेलं म्हणजे हिस्सा संपला. तसं नसतं. दोघी बहिणींची हक्कसोडपत्रं जोडलेली होती, म्हणून वरवर सगळं ठीक दिसत होतं.

वकीलबाईने लिहिलं की थोरलीच्या कागदावर नोंदणीचा शिक्का आणि दस्त क्रमांक आहे. धाकटीचा कागद स्टॅम्प पेपरवर असून त्यावर फक्त नोटरीची सही आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे असा दस्त नोंदवल्याशिवाय चालत नाही. म्हणजे धाकट्या बहिणीचा हिस्सा अजून जमिनीतच आहे. आणि आईचं हक्कसोडपत्र तर कुठेच नाही. ती हयात आहे का, नसेल तर तिच्या हिश्शाचे वारस कोण, हे विचारावं लागेल. हा आईचा मुद्दा टीममधल्या दोघांनी गेल्या वेळी सोडला होता, असं बाईंनी तिला तेव्हाच सांगितलं.

शेवटी तिने एक ओळ लिहिली होती. सातबारावर 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा आहे, त्याची आजची कायदेशीर स्थिती मला माहीत नाही, तपासावी लागेल. बाईंनी तिला तिथेच समजावलं की २०१४ च्या दुरुस्तीनंतर कुळाने केलेल्या खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीसपट नजराणा सरकारात भरून मार्ग निघतो, जमीन विकायला आधीसारखी पूर्वपरवानगी लागत नाही. मला विचाराल तर त्या मुलाखतीतली सगळ्यात मोलाची ओळ हीच. टायटलच्या, म्हणजे मालकीहक्क तपासण्याच्या कामात 'माहीत नाही' लिहिता न येणारा माणूस पुढे फार महागात पडतो.

इंग्रजी मात्र इंग्रजीच होतं. एका वाक्यात दोन क्रियापदं एकमेकांच्या अंगावर चढली होती. बाईंनी लाल पेनने ती सोडवली आणि मजकुराला हात लावला नाही.

माझा फोन

मग मला फोन आला. बाई आणि मी अनेक व्यवहारांत टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आहोत. "तुमच्या बिल्डिंगमध्ये राहते म्हणे. कशी आहे?"

मी सांगितलं: ड्राफ्टिंगचं इंग्रजी कच्चं आहे, सहा महिने लाल पेन लागेल. तारखा आणि आकडे दोनदा तपासते, हे मी पाहिलंय. आणि सप्टेंबरात एका बिल्डरने तिच्यासाठी दुसऱ्या फर्मला फोन केला होता. ते तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. हे तिसरं सांगायचं का, हे मी वकीलबाईला आधी विचारलं होतं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "सांगा काका." बाईंनी बिल्डरचं नाव विचारलं, फर्मच्या क्लायंटच्या यादीत पाहिलं. तो त्यात नव्हता. विषय संपला.

माझा फोन नसता तर? बहुतेक तरीही घेतली असती. 'बहुतेक' म्हणतो, कारण तीच नोट घेऊन बदलापूरची, जिच्या बिल्डिंगमध्ये कोणी सॉलिसिटर राहत नाही अशी मुलगी गेली असती तर बाईंनी कोणाला फोन केला असता, मला सांगता येत नाही. तिलाही काका भेटले असते, कदाचित. पण दुसरा फोन लावायला कोणी नसतं.

एप्रिलपासून ती रुजू झाली. महिना ३५,०००, त्यातून दहा टक्के टीडीएस कापून हातात ३१,५००. नानांनी बँकेचा मेसेज पाहून विचारलं, "पीएफ कुठाय?" समजावायला अर्धा तास गेला. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे सनद चालू असलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, म्हणून फर्म पगार देत नाही, प्रोफेशनल फी देते. टीडीएसही प्रोफेशनल फीचा म्हणूनच कापला जातो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. नाना महापालिकेतून निवृत्त झालेले. त्यांना अजूनही वाटतं की काहीतरी फसवणूक आहे, आणि त्यांचं अगदीच चुकतंय असंही मी म्हणणार नाही. मामा मात्र रुसले. पेढे त्यांनी आधीच आणले होते, याची आठवण ते करून देतात.

परवा बाईंचा पुन्हा फोन आला. वकीलबाई ठीक आहे, इंग्रजीला अजून लाल पेन लागतो, पण टीमला आणखी एक हवा आहे. "तिच्यासारखं कोणी आहे तुमच्या पाहण्यात?"

माझ्या ड्रॉवरमध्ये माझ्या साडूच्या मुलाचा बायोडेटा होता, दिवाळीपासून. मुलगा चांगला असेल. त्याचं लिहिलेलं एक पानही मी वाचलेलं नाही. बाईंना म्हटलं, सध्या तरी कोणी नाही. घरी हे अजून सांगितलेलं नाही.